एकदिश केलेल्या संकेताचे शून्य : डीसी ऑफसेट कशासाठी, कोठे आणि किती

प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, विद्युतदाब आपल्याकडच्या घरगुती पुरवठ्यात सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो आणि प्रत्येक आवर्तनात एकदा शून्याच्या वर, एकदा शून्याच्या खाली जातो. हा दाब एकदिशकारकातून, म्हणजे रेक्टिफायरमधून नेला की शून्याखालचा भाग एकतर कापला जातो किंवा उलटून वर येतो, आणि संकेत शून्याच्या एकाच बाजूला उरतो. अशा संकेतात एक ठराविक, न बदलणारा विद्युतदाब मिळवला, की त्याचा तळ शून्यावर न टेकता, उदाहरणार्थ, अर्ध्या व्होल्टवर टेकतो. या मिळवणीला डीसी ऑफसेट देणे असे म्हणतात. कागदावर ही साधी बेरीज आहे. प्रत्यक्ष मंडलात मात्र ही बेरीज कोणत्या टप्प्यावर करायची, मिळवायचा दाब कोठून आणायचा आणि तो ऋतुमानाबरोबर हलणार नाही याची खात्री कशी करायची, हे प्रश्न सोडवल्याशिवाय येणारा आकडा विश्वासार्ह ठरत नाही, आणि या लेखाचा भर त्यांच्यावरच आहे.

या प्रश्नांना रायगडच्या किनाऱ्यावर विशेष महत्त्व आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन या पट्ट्यात मासळीसाठी लागणारा बर्फ, शीतपेट्या, नळपाणी योजनांचे पंप आणि कोळंबी-संवर्धनाच्या तळ्यांतील हवा खेळवणारी यंत्रे विजेच्या दाबावर अवलंबून असतात, आणि हा दाब वाडीच्या टोकाला पोहोचेपर्यंत बराच उतरलेला असू शकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले तेव्हा विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले आणि अनेक गावांना बरेच दिवस विजेविना काढावे लागले. अशा ठिकाणी विद्युतदाबाची सतत नोंद ठेवणारे छोटे उपकरण बसवले आणि एके दिवशी त्याने शून्य नोंदवले, तर त्या शून्याचे दोन अर्थ संभवतात: पुरवठा खंडित झाला आहे, किंवा पुरवठा चालू असून मापकापासून नोंदयंत्रापर्यंतची वायर तुटली आहे. पहिल्या अर्थाने बर्फ वितळण्यापूर्वी जनरेटर लावावा लागतो, दुसऱ्या अर्थाने वायरमनला बोलवावे लागते. आणि ऑफसेट नसलेला संकेत या दोन अवस्थांत काहीही भेद करू शकत नाही.

मापनशास्त्रात यावर जुना आणि सर्वमान्य उपाय आहे. कारखान्यांतील मापकयंत्रे शून्य मूल्यासाठी शून्य प्रवाह न पाठवता ४ मिलिअँपिअर पाठवतात आणि कमाल मूल्यासाठी २० मिलिअँपिअर. हाच प्रवाह २५० ओहमच्या रोधकातून नेला की १ ते ५ व्होल्टचा संकेत मिळतो. वाहनांतील अनेक दाबमापकांचा संकेत ०.५ ते ४.५ व्होल्ट या दरम्यान फिरतो, तोही याच कारणाने. राशी शून्य असली तरी संकेत जिवंत राहतो आणि संकेत खरोखर शून्यावर गेला तर तो यंत्रणेचा बिघाड आहे हे तत्काळ कळते. डीसी ऑफसेटकडे अनेकदा केवळ अंकीय रूपांतरकाच्या, म्हणजे संकेताचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या, मर्यादेत संकेत बसवण्याची सोय म्हणून पाहिले जाते. तो उपयोग खरा आहे, परंतु संकेत आधीच एकदिश केलेला असेल तर तो शून्याखाली जातच नाही आणि त्या सोयीची गरज फारशी उरत नाही. उरते ती दुसरी गरज, शून्य आणि मृत अवस्था यांत भेद करण्याची, आणि एकदिश संकेताला ऑफसेट देण्याचे हेच सर्वांत भक्कम कारण मानावे. त्याला एक पूरक कारण आहे: अनेक स्वस्त प्रवर्धकांचे, म्हणजे ऑप-अँपचे, निर्गम एकाच धन पुरवठ्यावर चालताना शून्याच्या अगदी जवळ नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे संकेताचा तळ चपटा होतो, तळ थोडा वर उचलला की तो या दुबळ्या पट्ट्यातून बाहेर पडतो.

मोठ्या स्थिर मूल्यावर बसलेला लहान, बदलता संकेत मोजण्याची देशातील एक जुनी परंपरा याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या कुलाबा भागात १८२६ मध्ये स्थापन झालेल्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात. सप्टेंबर १८५९ मधील प्रसिद्ध चुंबकीय वादळात तेथील क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले तेव्हा त्यांच्या डीसी प्रवाहामुळे या नोंदी दूषित होतील हे स्पष्ट झाले, आणि वेधशाळेचे संचालक नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस यांच्या काळात चुंबकीय मापन समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आले. अलिबागच्या नोंदी १९०४ पासून सुरू झाल्या, १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर मापन चालले, आणि १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. आज ही वेधशाळा पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

या इतिहासात ऑफसेट वापरणाऱ्यासाठी दोन ठोस धडे आहेत. अलिबागजवळ चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला इतका आहे, तर त्यातील रोजचा चढउतार सामान्य दिवशी काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. म्हणून वेधशाळांत सतत चालणारे यंत्र केवळ चढउतार नोंदवते आणि तो चढउतार ज्या पायावर उभा आहे ती आधाररेषा स्वतंत्र, निरपेक्ष मापनाने ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा निश्चित केली जाते. ऑफसेट म्हणजे हीच आधाररेषा होय, आणि ती एकदा ठरवून विसरून जाण्याची गोष्ट नव्हे. दुसरा धडा समांतर मापनाचा: जुने यंत्र बंद करण्यापूर्वी नवे यंत्र त्याच्याबरोबर काही काळ चालवले, तरच एकाची आधाररेषा दुसऱ्याला जोडता येते आणि नोंदींची मालिका अखंड राहते. ट्रामचा डीसी आणि जाणीवपूर्वक दिलेला ऑफसेट यांत भौतिक भेद नाही; एकाचे मूल्य माहीत नसते आणि ते सतत बदलते, दुसऱ्याचे माहीत असते आणि ते स्थिर ठेवलेले असते, एवढाच काय तो फरक, पण मापनाचे सारे मूल्य त्या फरकात आहे.

मंडल उभारण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी लागते: एकदिश केलेल्या संकेतात डीसीचा अंश आधीपासूनच असतो. शुद्ध एसीची सरासरी शून्य असते. अर्धतरंग एकदिशकारकातून, म्हणजे एकच डायोड वापरून, तो गेला की सरासरी शिखरमूल्याच्या ०.३१८ पट होते आणि पूर्णतरंग एकदिशकारकातून, म्हणजे चार डायोडच्या सेतूतून, गेला की ०.६३७ पट होते. ही सरासरी म्हणजे ऑफसेट नव्हे, कारण ती संकेताच्या आकारमानाबरोबर वाढते आणि घटते, तर ऑफसेटने तसे करता कामा नये. मापकात मिळणारा एकूण डीसी हा या दोहोंची बेरीज असतो, आणि त्यातून पुरवठ्याचा दाब काढायचा तर आधी ऑफसेट वजा करून मगच उरलेल्या भागाला गुणकाने गुणावे लागते. हा क्रम उलटा झाला तर चूक लहान दाबाला मोठी आणि मोठ्या दाबाला लहान दिसते आणि म्हणून ती बराच काळ लक्षात येत नाही.

ऑफसेट एकदिशकारकाच्या आधी मिळवायचा की नंतर, हा प्रश्न अनेक नवशिक्यांना गौण वाटतो. तो गौण नाही. आधी मिळवलेला दाब एसीच्या शिखरापेक्षा मोठा असेल तर संपूर्ण तरंग शून्याच्या वर उचलला जातो आणि एकदिशकारकाला उलटवण्यासारखे काही उरतच नाही. तो शिखरापेक्षा लहान असेल तर धन अर्धतरंग तेवढ्याने वाढतो, ऋण अर्धतरंग तेवढ्याने घटतो, आणि पूर्णतरंग एकदिशकारकातून बाहेर पडताना एक उंच, एक बुटका अशा आळीपाळीच्या टेकड्या मिळतात, ज्यांत १०० हर्ट्झच्या जोडीने ५० हर्ट्झचा अंशही येतो. कॅथोड-रे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर अशा असमान टेकड्या दिसल्या तर आधीच्या टप्प्यात कोठेतरी नको असलेला डीसी शिरला आहे किंवा सेतूची एक बाजू कमकुवत झाली आहे, असा तर्क करावा. उपयुक्त ऑफसेट नेहमी एकदिशकारकाच्या नंतर मिळवावा.

तो मिळवण्यासाठी धारित्राचा, म्हणजे कपॅसिटरचा, वापर करण्याची सवय ध्वनिप्रवर्धकांच्या मंडलांतून येते: संकेत धारित्रातून पुढे न्यायचा आणि पलीकडे दोन रोधकांनी २.५ व्होल्टचा आधार द्यायचा. ध्वनीसाठी ती योग्य आहे, कारण ध्वनीच्या संकेतात जपण्यासारखा डीसी नसतो. एकदिश संकेतासाठी मात्र ती घातक ठरते, कारण धारित्र संकेताचा स्वतःचा डीसी अंशही अडवते. एक व्होल्ट शिखराचा पूर्णतरंग संकेत असा नेला तर त्याची ०.६३७ व्होल्टची सरासरी नाहीशी होते आणि तो १.८६ ते २.८६ व्होल्ट यांच्या दरम्यान फिरतो. शिखर दोन व्होल्ट झाले की तोच संकेत १.२३ ते ३.२३ व्होल्ट यांच्या दरम्यान जातो. म्हणजे तळ एका जागी राहतच नाही, संकेत वाढला की तो खाली सरकतो. ज्या ऑफसेटचे मूल्य संकेतावर अवलंबून आहे तो आधाररेषा होऊ शकत नाही, म्हणून येथे जोडणी थेट, धारित्राविना करावी लागते.

थेट जोडणीचा सर्वांत साधा मार्ग दोन समान रोधकांचा आहे. एक रोधक संकेताकडून, दुसरा स्थिर आधारदाबाकडून आणून दोहोंची टोके जोडली की त्या बिंदूवर दोन्ही दाबांची सरासरी मिळते, आधार २.५ व्होल्टचा असेल तर तळ १.२५ व्होल्टवर येतो आणि संकेत निम्मा होतो. येथे एक खाचखळगा आहे, आणि तो अनेक अपयशी मंडलांच्या मुळाशी असतो. डायोडचा एकदिशकारक प्रवाह बाहेर ढकलू शकतो, आत ओढू शकत नाही. त्यामुळे तरंग शून्याजवळ असताना डायोड बंद पडतात आणि त्या क्षणी आधारदाबाकडून येणारा प्रवाह जायला वाटच उरत नाही. परिणामी बेरजेचा बिंदू १.२५ ऐवजी थेट २.५ व्होल्टकडे चढतो, आणि पाहणाऱ्याला संकेताचा तळ गायब झालेला दिसतो. उपाय सोपा आहे: एकदिशकारकाच्या निर्गमावर जमिनीकडे जाणारा भाररोधक ठेवावा आणि तो बेरजेच्या रोधकांपेक्षा खूप लहान असावा. बेरजेचे रोधक १०० किलोओहमचे आणि भार १ किलोओहमचा असेल तर तळातील चूक एकदिशकारकाच्या टोकाशी सुमारे १२ मिलिव्होल्ट इतकीच राहते. बेरजेचे रोधक १० किलोओहमचे केले तर तीच चूक सुमारे १२० मिलिव्होल्टपर्यंत जाते. मोठे रोधक घ्यावेत तर अनेक अंकीय रूपांतरकांना इतक्या मोठ्या रोधातून येणारा संकेत अचूक वाचता येत नाही, आणि खाऱ्या हवेत मोठे रोधक आणखी एका कारणाने अडचणीचे ठरतात. या कोंडीतून प्रवर्धकच सोडवतो.

किनाऱ्यावरच्या नोंदयंत्रासाठी पुढील रचना पुरेशी आणि परवडणारी आहे. २३० व्होल्टचा पुरवठा प्रथम ९ व्होल्टच्या लहान ट्रान्सफॉर्मरमधून, प्राथमिक बाजूला फ्यूज घालून, न्यावा. मुख्य पुरवठ्यावरून केवळ रोधकांच्या विभाजकाने संकेत काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यात नोंदयंत्राचा आणि त्याला जोडलेल्या संगणकाचा प्रत्येक भाग मुख्य पुरवठ्याशी थेट जोडलेला राहतो आणि त्याला हात लावणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. ट्रान्सफॉर्मरनंतर चार डायोडचा सेतू आणि त्यावर १ किलोओहमचा भार. २३० व्होल्टला दुय्यम बाजूचे शिखर सुमारे १२.७ व्होल्ट, त्याची सरासरी ८.१ व्होल्ट, आणि मार्गातील दोन सिलिकॉन डायोडचे मिळून सुमारे १.३ व्होल्ट वजा जाता ६.८ व्होल्ट उरतात. भारानंतर १३ आणि १० किलोओहमचा विभाजक ठेवून १० किलोओहमच्या रोधकावर १०० मायक्रोफॅरडचे धारित्र समांतर जोडले की १०० हर्ट्झची लहर सरासरीच्या ०.२ टक्क्यांच्या आसपास येते आणि दाबातील बदल सुमारे तीन सेकंदांत पूर्णपणे उमटतो. हे धारित्र चुकून थेट सेतूवर जोडले तर ते सरासरीऐवजी शिखर धरून ठेवते, आणि मग वर दिलेले सारे गुणक लागू पडत नाहीत. कमी भारावर लहान ट्रान्सफॉर्मर छापील ९ व्होल्टपेक्षा जास्त दाब देतात, म्हणून १३ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा स्थिर रोधक आणि त्याला जोडून एक प्रीसेट, म्हणजे मूल्य बदलता येणारा लहान रोधक, ठेवणे सोयीचे.

यापुढे एमसीपी६००४ सारखा चार प्रवर्धकांचा, ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर दोन्ही टोकांपर्यंत पोहोचणारा आयसी घ्यावा. पहिला प्रवर्धक विभाजकावरचा संकेत तसाच पुढे देतो, दुसरा ०.५ व्होल्टचा आधार तसाच पुढे देतो, आणि तिसऱ्याच्या धन प्रवेशावर दोन समान रोधकांनी या दोहोंची सरासरी काढून तिला दोनाने गुणले की खरी बेरीज मिळते; गुणकासाठी लागणारे दोन रोधकही त्याच मूल्याचे, म्हणजे १० किलोओहमचे, घेतले की चारही एकाच पाकिटातून येतात. चौथा प्रवर्धक मोकळा न सोडता त्याचा धन प्रवेश जमिनीला आणि ऋण प्रवेश स्वतःच्या निर्गमाला जोडावा. एलएम३२४ हा सर्वत्र मिळणारा आणि स्वस्त आयसी येथे चालत नाही, कारण ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याचा निर्गम साधारण साडेतीन व्होल्टच्या पुढे जात नाही, तर या रचनेत ३०० व्होल्टला ४.५ व्होल्टपर्यंत जावे लागते. हे भाग अलिबाग-पनवेलच्या दुकानांत न मिळाल्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हमखास मिळतात. मात्र तेथे जाण्यापूर्वी आयसीचा पूर्ण क्रमांक लिहून न्यावा, कारण जवळपासच्या क्रमांकाचा भाग हातात पडला तर दोष मंडलात शोधला जातो आणि तो खरेदीत असतो.

आधारदाबाबाबत काटकसर करू नये. टीएल४३१ हा आधारदाबाचा आयसी ५ व्होल्टच्या पुरवठ्यावरून १ किलोओहमच्या रोधकाने चालवला की २.५ व्होल्टचा स्थिर दाब मिळतो, आणि १० किलोओहमचे पाच समान रोधक ओळीत लावून तळाच्या एकावरून ०.५ व्होल्ट काढता येतो. कमी दाबाचे झेनर डायोड या कामासाठी वापरले जातात, परंतु त्यांचा दाब त्यांच्यातून जाणाऱ्या प्रवाहाबरोबर बराच हलतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की हा आधार, प्रवर्धक आणि नोंदयंत्र यांचा पुरवठा ज्या विजेचे मापन होत आहे तिच्यावरून घेऊ नये. तो लहान सौर पॅनेल आणि बॅटरी यांवरून घ्यावा. हे न केल्यास वीज गेल्याबरोबर ऑफसेटही जातो, संकेत शून्यावर येतो, आणि ज्या एका घटनेसाठी ऑफसेट दिला होता नेमक्या त्याच घटनेत तो अनुपस्थित राहतो.

वायर तुटल्याचे ओळखण्यासाठी आणखी एक भाग लागतो, आणि तो बहुधा विसरला जातो: नोंदयंत्राच्या प्रवेशावर जमिनीकडे जाणारा १०० किलोओहमचा रोधक. तो नसेल तर तुटलेल्या वायरीच्या टोकाशी नोंदयंत्राचा प्रवेश तरंगत राहतो आणि आसपासच्या विद्युतक्षेत्रातून काहीही आकडा उचलतो, जो कदाचित विश्वासार्हही वाटेल. तो असेल तर तुटलेली वायर निःसंदिग्ध शून्य देते. मग नोंदीचा अर्थ लावणे सरळ होते: ०.२५ व्होल्टखाली आले तर वायर किंवा मापकाचा पुरवठा पाहावा, ०.४ ते ०.६ व्होल्ट असेल तर मापक जिवंत आहे आणि वीज गेली आहे, ४.७ व्होल्टच्या वर असेल तर पुरवठ्याचा दाब धोकादायक आहे किंवा संकेताची वायर ५ व्होल्टला चिकटली आहे. ५ व्होल्टची मर्यादा असलेल्या दहा-बिटांच्या रूपांतरकात ०.५ व्होल्टचा तळ सुमारे १०२ या आकड्यावर दिसतो आणि प्रत्येक पायरी पुरवठ्याच्या साधारण एकतृतीयांश व्होल्टइतकी असते, जी या कामाला पुरेशी आहे.

अंशांकनात, म्हणजे आकड्याचे खऱ्या दाबाशी नाते बसवण्याच्या कामात, एक सूक्ष्म चूक दडलेली असते. वीज बंद असताना निर्गम ०.५ व्होल्ट आणि २३० व्होल्टला तो सुमारे ३.४६ व्होल्ट, एवढ्या दोन बिंदूंवरून सरळ रेषा काढली तर १८० व्होल्टचा पुरवठा सुमारे १७० व्होल्ट असा दिसतो. कारण डायोडचे १.३ व्होल्ट संकेतातून वजा जातात, आणि ही वजाबाकी म्हणजे एक ऋण ऑफसेटच आहे. पुरवठा साधारण ३७ व्होल्टच्या वर गेल्याशिवाय तो संकेत उमटूच देत नाही. म्हणून विश्रांतीचे शून्य, म्हणजे वीज बंद असतानाचा निर्गम, आणि रेषेचे शून्य, म्हणजे कामाच्या पट्ट्यातील रेषा मागे वाढवल्यावर मिळणारे शून्य, ही दोन वेगळी मूल्ये समजावीत. पहिले केवळ मापकाची प्रकृती तपासण्यासाठी वापरावे, आणि दुसरे कामाच्या पट्ट्यातील दोन बिंदूंवरून, उदाहरणार्थ डिमरस्टॅटने, म्हणजे दाब कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, १८० आणि २५० व्होल्ट देऊन, चांगल्या मल्टिमीटरशी ताडून काढावे. या रचनेत त्या दोन बिंदूंवर निर्गम अनुक्रमे २.६९ आणि ३.७६ व्होल्टच्या आसपास यायला हवा. डायोडचा दाब तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घटतो. पत्र्याच्या पेटीत सकाळ आणि दुपार यांत २० अंशांचा फरक पडला तर दोन डायोडचे मिळून ८० मिलिव्होल्ट हलतात, ज्याने वाचन सुमारे सव्वादोन व्होल्टांनी सरकते. दाब उतरल्याचा इशारा देण्यासाठी ही चूक सहन करण्याजोगी आहे. ती नको असेल तर प्रवर्धकाच्या प्रतिपोषणात डायोड ठेवणारा अचूक एकदिशकारक वापरावा. डायोडचा दाब भरून काढण्यासाठी ऑफसेट वाढवणे हा मार्ग चुकीचा आहे, कारण एक हलते मूल्य दुसऱ्या स्थिर मूल्याने कायमचे भरून निघत नाही.

येथे आणखी एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. हे मंडल सरासरी मोजते आणि तिला १.११ ने गुणून परिणामी मूल्य, म्हणजे आरएमएस, सांगते, आणि हा गुणक केवळ साइन तरंगासाठी खरा आहे. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टर चौरस तरंग देऊ लागला तर मंडल तोच दाब सुमारे ११ टक्के जास्त दाखवते. वादळी हवेत किनाऱ्यावरची अनेक घरे आणि दुकाने इन्व्हर्टरवर चालतात. म्हणून मापक इन्व्हर्टरच्या आधी, मीटरच्या बाजूला जोडलेला आहे की नंतर, हे नोंदवहीत लिहून ठेवावे आणि जोडणी शक्यतो आधीच करावी.

खाऱ्या हवेचा परिणाम ऑफसेटवर सर्वांत आधी दिसतो. मुद्रित पट्टिकेवर, म्हणजे पीसीबीवर, मिठाचा आणि ओलाव्याचा पातळ थर बसला की शेजारच्या वाटांमध्ये गळती सुरू होते. गळतीचा रोध १० मेगाओहम धरला तर १ मेगाओहमच्या रोधकाचे मूल्य ९ टक्क्यांनी बदलते, पण १० किलोओहमच्या रोधकाचे केवळ ०.१ टक्क्याने, वरील रचनेत जवळजवळ सर्व रोधक १० किलोओहमच्या घरात ठेवण्याचे हे खरे कारण आहे. जोडकाम झाल्यावर डाखकामात उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण धुवावा, पट्टिका वाळवून तिच्यावर संरक्षक लॅकरचे दोन हात द्यावेत, पेटीची वायर-भोके खालच्या बाजूस ठेवावीत आणि वायर आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून आत न जाता त्या वळशावरून टपकेल. लॅकर अंशांकनाच्या आधी द्यावा, कारण तो स्वतःही अगदी किंचित बदल घडवू शकतो.

मापक बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात आणि पुढे दर महिन्याला, पावसाळ्यात तर दर पंधरा दिवसांनी, ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक बाजू बंद करून विश्रांतीचे शून्य वाचावे आणि ते तारीख, वेळ व पेटीतील तापमानासह लिहावे. ते १०२ च्या एक-दोन पायऱ्या आसपास असेल तर काही करू नये. ते हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल आणि कोरड्या दिवसांत मागे येत असेल तर कारण गळती आहे, पट्टिका पुन्हा धुवून वाळवावी. ते अचानक उडी मारून तेथेच राहिले असेल तर आधाराचा आयसी किंवा सांधा तपासावा. आणि ते तापमानाबरोबर खाली-वर होत असेल तर पाच रोधकांपैकी एखादा वेगळ्या जातीचा लागला आहे का ते पाहावे. कोणत्याही परिस्थितीत बदललेले शून्य संगणकात गुपचूप शून्यावर आणून ठेवू नये. जुने आणि नवे दोन्ही आकडे नोंदीत राहिले पाहिजेत, कारण त्या आधीच्या महिन्याभराच्या वाचनांना किती दुरुस्ती द्यायची हे त्यावरूनच ठरते. मापक बदलण्याची वेळ आली तर जुना काढण्यापूर्वी नवा त्याच तारांवर निदान दोन आठवडे समांतर चालवावा आणि दोहोंच्या वाचनांतील फरक, दिवसा व रात्री वेगळा काढून, नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावा. वायर तुटल्याची चाचणीही याच भेटीत घ्यावी: संकेताची वायर सुटी करून नोंदयंत्र शून्य दाखवते हे पाहावे, मग ती पुन्हा लावून प्राथमिक बाजू बंद असताना ०.५ व्होल्ट येतो हे पाहावे, आणि त्यानंतरच पुरवठा सुरू करावा.